घाटकोपरची बारी

बाबा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, अस्थी आणून झाल्या होत्या आणि घरात चार माणसं बसली होती, तेव्हा शोकेसमध्ये त्यांचा टॅब वाजला. कोणीतरी तो माझ्या हातात दिला. पडद्यावर लिहिलं होतं, ‘आपल्यावरील बंदी आज संपली आहे. आपण पुन्हा लिहू शकता. कृपया फोरमचे नियम पाळा. – नियामक.’

मी टॅब उलटा करून मांडीवर ठेवला. नियामक मीच होते. त्या तीन वाक्यांतला शब्दन् शब्द माझा होता, ‘कृपया’सुद्धा.

हे कसं झालं ते मला सावकाश सांगायचं आहे. घाईने सांगितलं की मी स्वतःला लवकर माफ करते, असा माझा अनुभव आहे.

मुलुंडच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी काम करते. आई जाऊन बरीच वर्षं झाली. घाटकोपरची आमची चाळ पाडून तिथे इमारत उभी राहिली, तेव्हापासून मी आणि बाबा नवव्या मजल्यावर राहत होतो. बाबा मूळचे कोकणातले, अर्धं आयुष्य गिरणीत गेलेले. गिरणी बंद झाली तरी छातीत राहिली, असं तेच म्हणत. चाळीत त्यांचं भजनी मंडळ होतं. ते गायचे, पेटी वाजवायचे, आणि लोक त्यांना बुवा म्हणायचे. चाळ गेली तशी मंडळी बदलापूर, नालासोपारा अशी पांगली. दम लागायला लागल्यावर गाणंही गेलं. पेटी कपाटावर चढली आणि तिच्यावर जुनी चादर आली.

मला पेटी येत नाही. लहानपणी बाबांनी शिकवायचा प्रयत्न केला होता, पण मी पुस्तकात बघून वाजवायचे आणि ते चिडायचे. तरी एका पावसाळ्यात पेटीची एक पट्टी फुगून अडकली, तेव्हा मी इंटरनेटवर शोधता शोधता एका फोरमवर पोचले. हौशी पेटीवाल्यांचा मराठी फोरम. भात्याला भोक पडलं तर कातडं कशाने चिकटवायचं, सूर, म्हणजे पेटीच्या आतली पितळी जीभ, बसला तर त्याखालून कागद कसा सरकवायचा, जुलै महिन्यात पेटीच्या खोक्यात दिवा लावून ठेवावा की नाही, अशा गोष्टींवर माणसं तिथे पानंच्या पानं लिहीत होती. मला ते वाचायला आवडायला लागलं. फोरम चालवणारे बोरिवलीचे एक निवृत्त शिक्षक होते. त्यांच्या नियमावलीतली वाक्यं फार लांब होती, म्हणून मी ती सुटसुटीत करून पाठवली. त्यांचा फोन आला, ‘तुम्हीच का नाही होत नियामक? तुम्ही वाजवत नाही, म्हणजे तुमचा कोणाशी वाद नाही.’

नियामकाने नाव न लावता फक्त ‘नियामक’ अशी सही करायची, ही त्यांची अट. मला ती सोयीचीच होती. बाकी नियम मी लिहिले. वय, आजार, व्यंग यांवर टीका नको. तीन सभासदांनी तक्रार केली तर सात दिवस बंदी. बंदीतल्या सभासदाने लिहिलेलं परत जात नाही. ते फक्त नियामकांना दिसणाऱ्या एका रांगेत थांबतं. तिथे दोन बटणं असतात, ‘सोडा’ आणि ‘काढा’. मजकुरात बदल करायचा नाही, सोडायचा तर आख्खा सोडायचा. हे सगळं मला फार न्याय्य वाटलं होतं.

बाबांना दुसऱ्यांदा दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा त्यांचा दिवस खिडकीजवळच्या खुर्चीत अडकला. मीच टॅब आणला, मीच त्यांना फोरमवर सभासद केलं. बोलून टाइप करायचं शिकवलं, पण मालवणीत बोललेलं तो टॅब भलतंच काही लिहायचा. मग ते एका बोटाने टाइप करू लागले. चार ओळींना त्यांना दोन दिवस लागत.

नियामक मी आहे, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पहिल्या दिवशी सांगण्यासारखं काही वाटलं नाही. दुसऱ्या आठवड्यात सांगण्यात गंमत राहिली नव्हती. मग एकदा चहा घेताना त्यांनी विचारलं, ‘ह्यो नियामक म्हणजे कोण गो?’

‘असेल कोणी.’

‘शिकलेलो दिसता. शिकलेलो आणि रिकामो.’

मी हसले, आणि त्यानंतर सांगणं अशक्य झालं.

फोरमवर जोगेश्वरीचे एक सभासद होते. वयाने बाबांएवढेच असावेत. जुने जर्मन सूर चांगले की पालिताण्याचे, यावरून त्यांची आणि बाबांची जुंपली. जोगेश्वरीने लिहिलं, ‘घाटकोपरच्या बुवांनी जर्मन सूर पाहिलेत का, की नुसते ऐकून माहीत?’ दोन दिवसांनी बाबांचं उत्तर आलं, ‘पाहिलेत. जोगेश्वरीच्या बुवांनी ऐकलेत का, की नुसते पुसून ठेवलेत?’ मग जोगेश्वरी, ‘आमच्या पेटीला कुलूप लागतं. तुमच्या पेटीला चोर हात लावणार नाही.’ आणि घाटकोपर, ‘चोराला कान असतात, बुवा.’

इतर सभासद वैतागायचे. मी कॉलेजात, पुस्तकांच्या नोंदी करता करता, ताकीद द्यायचे, ‘कृपया विषयाला धरून लिहा.’ घरी आले की बाबा खिडकीत बसून कॅलेंडरच्या फाडलेल्या पानांच्या मागे काहीतरी लिहीत असायचे. औषधांच्या वेळा लिहीत असतील, असं मला वाटे. माझ्या ताकिदीवर त्यांचं ठरलेलं मत होतं, ‘ह्याका कायच कळणा नाय.’

ती दुपार मला नीट आठवते. बाबांनी लिहिलं होतं, ‘बुवा, तुमचे दात गेले, गंधार गेला. आता निषाद तरी घट्ट धरा, नाहीतर घरचे तुम्हाला पेटीसकट भंगारवाल्याला देतील.’ तासाभरात तीन तक्रारी आल्या. वृद्धांचा अपमान, असं एका बाईंनी लिहिलं होतं. जोगेश्वरीची तक्रार नव्हती. हे मी पाहिलं, आणि त्यावर विचार केला नाही. उलट त्यांनी बाबांच्या त्या ओळींखाली एक प्रश्न टाकला होता, ‘सवाल फक्त घाटकोपरला. पेटीत असा कोण, जो स्वतः कधी वाजत नाही आणि ज्याच्यावाचून कोणी वाजत नाही?’ लगेच दोघातिघांनी ‘भाता’ असं लिहिलं. जोगेश्वरीने त्यांना लिहिलं, ‘तुम्हाला विचारलेलं नाही. आणि भाता नव्हे.’

बोरिवलीच्या सरांचा फोन आला. ‘घाटकोपरच्या गृहस्थांचं जरा जास्तच होतंय हो. तुम्हाला अवघड वाटत असेल तर मी करतो.’

‘नाही, मी करते,’ मी म्हणाले.

त्या दिवशी सकाळी वाफेच्या यंत्रावरून बाबा माझ्यावर ओरडले होते. ‘शिकवू नको माका.’ त्यांना गप्प बसा असं मी आयुष्यात कधी म्हणू शकले नव्हते. चार वाजता, चहाचा कप हातात असताना, मी सात दिवस हा पर्याय निवडला आणि बटण दाबलं. नियमाप्रमाणे केलं, हे खरं. दाबताना मला जरा बरं वाटलं, हेही खरं.

संध्याकाळी घरी पोचले तर टॅब त्यांच्या मांडीवर होता.

‘माका गप केल्यान.’

‘कोणी?’

‘तुझ्या त्या नियामकान.’

‘तुझो तो टीव्ही, तुझो तो डॉक्टर’, अशी त्यांची बोलायची पद्धतच होती. तरी ‘तुझ्या’ हा शब्द मला टोचला.

‘सात दिवसांचा तर प्रश्न आहे बाबा. थांबा ना.’

‘बारी थांबणा नाय गो.’

म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. मी भाजी चिरायला गेले.

दोन दिवस ते कॅलेंडरच्या पानामागे लिहीत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी ते टाइप करून पाठवलं. कॉलेजात बसल्या बसल्या मला ते रांगेत आलेलं दिसलं. पहिली ओळ टोमण्याची होती. पुढचं न वाचताच मी रांग बंद केली. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, ‘ता गेला काय?’

‘सात दिवसांनी जाईल.’

‘तुका कसा ठाऊक?’

‘असे नियम असतात बाबा. सगळीकडे सारखेच.’

ते माझ्याकडे बघत राहिले. मग खिडकीकडे वळले. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कोणीतरी गाद्या उन्हात घालत होतं. ते काम संपेपर्यंत ते तिकडेच बघत होते.

पाचव्या दिवशी दुपारी त्यांना श्वास घेता येईना, म्हणून दवाखान्यात नेलं. तोंडावर मास्क होता, बोलायचं नाही असं सांगितलेलं. त्यांनी उजव्या हाताचं एक बोट हवेत दोन-तीनदा टेकवल्यासारखं केलं. मी विचारलं, ‘पाणी?’ त्यांनी मान हलवली. ‘नर्सला बोलावू?’ पुन्हा मान. मग बोट माझ्या पर्सकडे वळलं, आणि मला कळलं. फोन पर्समध्ये होता. रांग उघडायची, एक बटण दाबायचं, आणि पडदा त्यांच्यासमोर धरायचा. मिनिटभराचं काम. मी म्हणाले, ‘तीन दिवसांनी बंदी उठेल ना. तोवर तुम्ही बरे व्हा.’ स्वतःच्या वडिलांसाठी नियम वाकवला असं होऊ नये, असा विचार त्या क्षणी माझ्या मनात खरोखर होता. पलंगाच्या दांडीला धरून मी तो विचार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

मग ती सूचना आली, आणि फोरम सुरूच राहिला. ज्या दिवशी बंदी उठली त्याच दिवशी जोगेश्वरीने लिहिलं, ‘सात दिवस भरले. बारी घाटकोपरची.’ दुसऱ्या दिवशी, ‘बुवा झोपले काय?’ तिसऱ्या दिवशी, ‘घाटकोपरचा भाता फाटला असं ऐकतो. कातडं पाठवू?’

हे मी सतरंजीवर बसून वाचलं. समोर नातेवाईक बसले होते आणि कोणीतरी दवाखान्याच्या गेल्या खेपेची हकीकत दुसऱ्या कोणाला सांगत होतं. सभासदांच्या तक्रारी येत होत्या. घाटकोपरला जो न्याय लावला तो जोगेश्वरीलाही लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. तीन झाल्या, चौथी आली. सरांचे दोन फोन मी घेतले नाहीत. जोगेश्वरीवर बंदी घालावी तर जो माणूस काही न कळता बोलतोय त्याला मी शिक्षा केल्यासारखं होणार. न घालावी तर वडिलांच्या छातीवरचे विनोद माझ्याच परवानगीने तिथे राहणार. खरं सांगून टाकावं, तर कोणीतरी विचारणारच, तुम्हाला कसं कळलं? ज्या बाजूने जावं तिथे मी आधीच एक नियम लिहून ठेवलेला होता.

बाराव्याला बदलापूरहून बाबांचे मृदंगवाले आले. चाळीत आमच्या शेजारच्याच खोलीत राहायचे. मी त्यांना काका म्हणते. जेवणं झाल्यावर ते बाबांच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, ‘शेवटी शेवटी काय करी दिवसभर?’ मी टॅब आणून दिला. वाटलं होतं, ते थोडं चाळतील आणि ठेवून देतील.

ते चष्मा कपाळावर चढवून, टॅब नाकाशी धरून वाचू लागले. मग हसायला लागले. ‘चोराला कान असतात,’ असं म्हणून मांडीवर थाप मारली. आणखी वाचलं, आणखी एक थाप. थापा ठेक्यात पडत होत्या. आत भांडी आवरणाऱ्या बायका बाहेर डोकावून गेल्या.

‘काका, हसता काय? किती भांडले होते ते. तक्रारी आल्या होत्या.’

‘भांडाण? अगो, ह्यां भांडाण न्हय. ह्यो सामनो!’

मग त्यांनी मला सांगितलं. खरं म्हणजे मला ठाऊक असलेलंच सांगितलं. डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसतात. एकाची बारी झाली की दुसऱ्याची. अभंग, गवळण होते, आणि मध्ये चिमटे काढायचे, सवाल घालायचा. समोरच्याने आपल्या बारीत सवालाचा जवाब द्यायचा, चिमट्याला चिमटा काढायचा, आणि उलटा सवाल टाकून बारी सोडायची. लहानपणी मी चाळीच्या अंगणात अशा बाऱ्या ऐकल्या होत्या, म्हणजे कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसले होते. कागदावर आलेली बारी मला ओळखता आली नाही.

‘ह्यो जोगेश्वरीचो पण बुवाच असतलो. दोघांका मंडळा नाय, माणसां नाय. मग हय बसले.’ त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. ‘हो बघ त्याचो सवाल. जवाब खय आसा?’

मी सतरंजीची दुमडलेली कड सरळ केली.

‘सवाल घातल्यार जवाब देऊक व्हयो. नाय दिलो तर हार. तुझो बापूस हरलेलोच गेलो काय?’

‘नाही. त्यांनी दिलाय जवाब.’

‘मग दिसना कसो नाय?’

मी माझा फोन आणला, रांग उघडली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी मोठ्याने वाचलं. मीही ते पूर्ण असं तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

‘जोगेश्वरीच्या बुवांस. सवाल ऐकून हसू आले, पण मला हसायला दम पुरत नाही. भाता वाजतो, बुवा, माझ्या छातीला विचारा. वारा तर सगळ्यांत जास्त बोंबलतो. पेटीत वाजत नाही तो डावा हात. सगळे उजव्याला वाहवा म्हणतात आणि हा मागे बसून भाता मारतो. तुम्ही तो टाळ्या घ्यायला मोकळा ठेवलात, म्हणून तुमची पेटी अशी. आता माझा सवाल. पेटी बंद केली तरी एक सूर घरात राहतो. तो बसतो कुठे?’

काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि फोन पुन्हा पाहिला. ‘आणि ह्यां अडाकलां कोणाकडे?’

‘माझ्याकडे.’

त्यांनी फोन मला परत दिला. माझ्याकडे बघत होते की माझ्यामागच्या भिंतीकडे, ते मला कळलं नाही.

‘सोड मगे,’ एवढंच म्हणाले. मग बदलापूर लांब आहे म्हणून लवकर निघाले.

मला आणखी चार दिवस लागले. नुसतं सोडलं असतं तर बाबा जिवंत आहेत असा सगळ्यांचा समज झाला असता. वर दोन ओळी जोडल्या असत्या तर ते मजकूर बदलणं झालं असतं. शेवटी एका दुपारी मी ‘सोडा’ दाबलं, आणि त्याखाली पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने लिहिलं, की हा जवाब बंदीच्या तिसऱ्या दिवशी लिहिलेला आहे. लिहिणारे माझे वडील होते आणि ते वारले. बंदी घालणारी आणि जवाब अडवून ठेवणारी नियामक मी आहे. ही बारी आहे हे मला कळलं नव्हतं.

सरांनी फोन करून म्हटलं, ‘तुम्ही हे आधी सांगायला हवं होतं.’ मी राजीनामा देते म्हणाले. ‘दुसरं कोण आहे?’ ते म्हणाले, आणि तो विषय तिथेच राहिला. फोरमवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रीघ लागली. बाबांच्या टॅबवर त्या एकेक वाजत होत्या. ज्यांनी तक्रारी केल्या होत्या त्यांनीही हात जोडले होते. जोगेश्वरीकडून काहीच नाही. एक दिवस, दोन दिवस, सहा दिवस. त्या सहा दिवसांत मला वाटलं, ते कधीच लिहिणार नाहीत, आणि माझ्याबद्दल त्यांचं जे मत असेल ते मला कधीच कळणार नाही.

सातव्या दिवशी त्यांनी लिहिलं. श्रद्धांजली नव्हती.

‘जवाब बरोबर. डावा हात. बारी मान्य. पण घाटकोपरचे बुवा सवाल टाकून उठून गेले, याला आमच्याकडे पळ काढणे म्हणतात. त्यांच्या सवालाचा जवाब : पट्टी चिकटलेली असते, सूर तिथे बसतो. म्हणजे बुवांनी पेटी नीट ठेवली नव्हती, हे मी पहिल्यापासून सांगत होतो. आता माझा सवाल घाटकोपरला. पेटी उघडलीत का? उघडलीत तर कोणती पट्टी चिकटलेली निघाली? खोटे सांगू नका, मला कळते.’

गेलेल्या माणसाबद्दल असं लिहितात का, अशा पाच तक्रारी अर्ध्या तासात रांगेत आल्या. नियमाप्रमाणे तीन पुरे होत्या. सगळ्या वाचून मी रांग बंद केली. पुन्हा उघडली, पुन्हा वाचल्या. जोगेश्वरीवर बंदी घातली नाही. मी स्वतः लिहिलेला आणि ठरवून मोडलेला हा पहिला नियम, आणि तो मी बाबा असताना मोडला नाही.

रविवारी स्टुलावर चढून मी पेटी खाली काढली. चादरीला धूळ होती, आत डांबराच्या गोळ्यांचा वास. डाव्या हाताने भाता मारला. एकही पट्टी दाबलेली नसताना एक सूर वाजायला लागला आणि थांबेना. मी एकेक पट्टी चाचपली. काळी चार बसलेली होती. बाबा त्याच पट्टीत गायचे, इतकं मला पेटी न येताही माहीत आहे.

म्हणजे जवाब माझ्याकडे आहे. कॅलेंडरचं एक पान फाडून त्याच्या मागे मी तो लिहूनही ठेवलाय. पण नुसता जवाब देऊन बारी होत नाही. चिमटा लागतो, वर सवाल लागतो, आणि मला तो चिमटा काही केल्या सुचत नाही. जन्मभर मी लोकांची वाक्यं मऊ करत आले. लिहिते, आणि ते ताकिदीसारखं दिसतं. खोडते. ‘कृपया’ असा शब्द दोनदा आला, तोही खोडला.

आज सकाळी जोगेश्वरीने पुन्हा लिहिलंय, ‘बुवा, बारी घाटकोपरची.’ बुवा म्हणजे आता मी. खाली कोणीतरी त्यांना विनंती केली आहे, की त्या ताईंना आता त्रास देऊ नका. त्यावर त्यांनी लिहिलं, ‘तुम्हाला विचारलेलं नाही.’

मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आहे. पेटी समोर जमिनीवर उघडी आहे. काळी चार मी अजून सोडवलेली नाही.